जवारी खाल्ली, नाव राहिलं

माझ्या आत्याच्या पाया पडलं की ती आधी नाव विचारायची, आणि नाव सांगितलं की त्याचा अर्थ विचारायची. अर्थ सांगता आला तर डोक्यावर हात ठेवायची. नाही आला तर, "जा, मायले इचारून ये, मंग पाया पड," असं म्हणून पाय मागे घ्यायची. यातून कोणी सुटलं नाही. तलमडुगूच्या कचेरीत नवीन साहेब आले होते, त्यांनाही तिनं विचारलं. काम तिचं होतं, दरखास्त तिच्या हातात होती, साहेब तरणे आणि सभ्य होते. त्यांनी हसत हसत आईला फोन लावला. आईलाही सांगता येईना. आत्यानं दरखास्त परत पिशवीत घातली आणि म्हणाली, सोमवारी येतो, तवर इचारून ठेवा. मी शेजारी उभा राहून घाम पुसत होतो. सोमवारी साहेबांनी अर्थ सांगितला आणि मगच तिनं कागद पुढे केला.

गेल्या थंडीत ती गेली. तिच्याबद्दल कोणी विचारलं की मला पहिल्यांदा तिचा आवाजच आठवतो. आवाज कसला, भोंगाच. बारीक चणीची, पाठीत जरा वाकलेली बाई, पण हाक मारली की वावराच्या दुसऱ्या धुऱ्यावरचा, पार पलीकडच्या बांधावरचा माणूस वळून पाहायचा. आणि ती हाक पूर्ण नावानं असायची. पिंट्या, बंटी, सोनू असली लाडाची नावं तिला चालत नसत. नाव म्हणजे काही भाकरी नाही तोडून खायला, असं तिचं म्हणणं. माझ्या एका लांबच्या चुलतभावाला सगळं गाव बाल्या म्हणतं, तो आत्याच्या तोंडी कायम बालाजी राहिला, आणि तो म्हणतो, तिच्यासमोर उभा राहिलो की आपोआप शर्टाची बटणं लावली जायची.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, तामसीकडचं. बाबांचं तिथं रस्त्यावर खत-बियाण्याचं दुकान आहे. पाटीवर मराठीत आणि तेलुगूत ठळक अक्षरांत लिहिलंय, उत्तमराव. आत्या तलमडुगूकडच्या तिच्या गावाहून बसनं यायची, दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उतरायची आणि तिथूनच हाक मारायची.

"उकंडा."

हे माझ्या बाबांचं नाव. उकंडा म्हणजे आमच्याकडे उकिरडा. रस्त्यावरची माणसं थांबायची, गिऱ्हाईकं तोंडं फिरवून हसायची, आणि बाबा? बाबा बियाण्याची पाकिटं मोजत राहायचे. त्यांचा कान त्या एका शब्दापुरता ठार बहिरा होता. आत्या रस्ता ओलांडून समोर आली की मग तिला पाहिल्यासारखं करून ते स्टूल पुढे सरकवायचे, चहा मागवायचे, गुडघे कसे आहेत विचारायचे, तिच्यासाठी बाजूला ठेवलेली चांगली थैली काढून द्यायचे. बहिणीला त्यांनी काही कमी केलं नाही. फक्त हाकेला ओ दिली नाही. माझ्या आठवणीत एकदाही नाही. आत्याही हट्टाची. ओ येत नाही म्हणून तिनं हाक बदलली नाही आणि आवाजही कमी केला नाही. "खत इकते, अन् उकंड्याची लाज वाटते," एवढं ती चहाच्या बशीत फुंकर मारता मारता बोलायची, आणि बाबा दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी पावसाचं बोलायला लागायचे.

या नावामागची हकीकत तिनं मला इतक्या वेळा सांगितली आहे की ती मी पाहिल्यासारखीच वाटते. माझ्या आजीची पोरं जगत नसत. आत्या तेवढी वाचली होती, तिच्या पाठची सगळी गेली. बाबा झाले तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की हे पोर आपलं आहे हे यमाला कळूच द्यायचं नाही. अंघोळ घातली, चिंधीत गुंडाळलं, सुपात ठेवलं आणि सूप नेऊन घरामागच्या उकंड्यावर ठेवून दिलं. टाकून दिल्यासारखं. मग शेजारच्या एका बाईनं तिथून जाताना ते अचानक सापडल्यासारखं उचलायचं, आणि आजीनं ते तिच्याकडून विकत घ्यायचं, असा बेत होता. आता जिला अचानक सापडायचं होतं ती बाई घरी चुलीपाशी अडकली. पोर उकंड्यावर रडतंय, घरातलं कोणी पुढे जाईना, कारण घरच्यांनी उचललं तर सगळं फुकट. तेवढ्यात एक कुत्रं हुंगत हुंगत सुपाकडे आलं. आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. ती धावत गेली, कुत्र्याला ढेकूळ मारलं, सूप सोडून पोर तेवढं उचललं आणि छातीशी धरून आजीसमोर उभी राहिली.

म्हातारी माणसं म्हणाली, झालं ते झालं, हिला परकी समजा. मग आजीनं पोटच्या पोरीच्या ओटीत सूपभर जवारी घातली आणि पोर विकत घेतलं. उचलणाऱ्याला नाव ठेवायचा मान असतो. काय ठेवू, असं आत्यानं विचारलंही नाही. जिथं सापडला तेच नाव तिनं ठेवलं.

"जवारी तं आमी त्याच महिन्यात खाऊन टाकली," ती म्हणायची. "नाव तेवढं राह्यलं माह्यापाशी."

बाबांची बाजू मला फार उशिरा कळली. एकदा दुकान बंद करताना मी विचारलं, आत्या एवढी हाक मारते, एकदा ओ दिली तर काय बिघडेल? बाबांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "तिनं उचललं थे खरं हाय. पण थे नाव घेऊन शाळेत मी गेलो, थे नाही गेली." शाळेत पोरं त्यांना पाहून नाक धरायची. वर्ग झाडला की कचरा त्यांच्या बस्कराजवळ आणून लावायची. चौथीत नवे मास्तर आले, त्यांना दया आली, त्यांनी हजेरीत उत्तम लिहिलं, आणि बाबांनी तेव्हापासून मागे वळून पाहिलं नाही. बाबा खोटं बोलत नव्हते. आत्याही खोटी नव्हती. अशा भांडणात पडणाऱ्याचीच पंचाईत होते, म्हणून मी पडलो नाही.

माझी आई मात्र पहिल्याच दिवशी या भांडणात सापडली होती. पत्रिकेत उत्तमराव छापलं होतं. सासरी पाय ठेवताना आत्या करवली म्हणून दार अडवून उभी, नाव घे म्हणाली. आईनं माहेरून छान पाठ करून आणलं होतं, उत्तमरावांचं नाव सुरात घेतलं, बायका वा वा म्हणाल्या. आत्या दारातून हलेना. हे नाव कोणाचं हाय, असं विचारू लागली. आई सांगते, मला वाटलं लग्न भलत्याशीच लागलं की काय. बाबा शेजारी मुंडावळ्या लावून जमिनीकडे पाहत उभे. वरात सकाळपासून उपाशी, पंगतीतला वास बाहेर येतोय. शेवटी आत्यानं आईच्या कानात खरं नाव सांगितलं, आईनं ते हळूच, चोरी केल्यासारखं घेतलं आणि दार मोकळं झालं. त्यानंतर आईनं ते कधी घेतलं नाही. पण आत्याला तेवढं पुरलं. माझ्या भावजयीनं नाव घेऊनच उंबरा ओलांडला, असं ती पुढे गावभर सांगत फिरली.

बायकांना बस फुकट झाली तेव्हापासून आत्याला पाय फुटले. आज आदिलाबाद, उद्या तामसी, परवा लेकीकडे उटनूर. पुढची, दाराजवळची जागा तिची. तामसीच्या बसवर एक वयस्क कंडक्टर असायचा, तेलुगू, पण या भागात उभा जन्म गेल्यामुळे मराठी छान बोलायचा. शून्याचं तिकीट फाडण्याआधी त्यानं आत्याचं आधार कार्ड मागितलं आणि नाव वाचलं. आत्या म्हणाली, तू माह्यं वाचलं, आता तुह्यं सांग. तो म्हणाला, पेंटय्या. अर्थ काय? त्यानं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. एका गोठ्यामागे शेणाचा ढीग होता. तेलुगूत पेंट म्हणजे तेच. त्याच्या आधीची दोन गेली होती, म्हणून आईनं त्याला ढिगावर ठेवून उचललं होतं.

आत्या तिकीट हातात धरून त्याच्याकडे पाहतच राहिली म्हणे. मग तिनं त्याला विचारलं, तुले लाज नाही वाटत? पेंटय्याला प्रश्नच कळला नाही. आमच्यात घरोघर पेंटय्या आहेत, मोठमोठ्या हुद्द्यावर आहेत, लाज कशाची, असं तो म्हणाला.

त्या दिवशी आत्या दुकानात आली ती जिंकून आल्यासारखी. आणि त्याच्या पुढच्या राखीपौर्णिमेला तिनं आधी बाबांना राखी बांधली, मग बसस्टॉपवर जाऊन पेंटय्याला. भर बसमध्ये, माणसं खोळंबलेली असताना. तेव्हापासून ती त्यालाही उकंडाच म्हणायची. ती पुढून, दाराजवळून हाक मारायची आणि तो बसच्या मागच्या टोकाकडून ओरडायचा, "ओ, अक्का." दर वेळी, न चुकता. कधीकधी तर ती काही काम नसताना नुसतीच हाक मारायची, असं पेंटय्यानंच मला नंतर सांगितलं. बाबांना हे कळलं. मग बरेच दिवस ते तामसीला बसनं न जाता मोटरसायकलनं जात होते.

मग माझा मुलगा झाला. मी गावाहून रोज आदिलाबादला जाऊन एका शाळेत गणित शिकवतो, माझी बायको यवतमाळची. तिला मुलाचं नाव असं हवं होतं जे कुठेच नसेल. गरोदरपणातच तिनं मोबाइलवर शोध लावला होता. तिथं प्रत्येक नावापुढे अर्थ, रास आणि लोकप्रियता लिहिलेली असते. विहान नको, खूप झालेत. अर्जुन नको, तिच्या भावाच्या चाळीतच दोन. शेवटी तिला अव्यान सापडलं. अर्थ, ज्याच्यात काही खोट नाही असा. पुढे लिहिलं होतं, दुर्मीळ. माहेराहून ती बाळाला घेऊन आली तेव्हा आम्ही त्याला अव्यानच म्हणत होतो, बारसं तेवढं बाकी होतं.

आत्या बाळाला पाहायला आली. नाव ऐकलं, अर्थ ऐकला. सुनेला अर्थ सांगता आला म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, त्याच्यात उकंडा पाह्य बरं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिनं टाइप केलं. मोबाइलनं बराच विचार केला आणि विचारलं, तुम्हाला उत्कर्ष म्हणायचं आहे का? अर्थ नाही, रास नाही, लोकप्रियतेची जागा रिकामी.

"पाह्य," आत्या म्हणाली. "कोणाच्याच घरी नाही. तुले असंच पाह्यजे होतं ना?"

बायकोला हसावं की रडावं कळेना. बाहेरच्या खोलीत बाबांनी टीव्हीचा आवाज एकदम वाढवला.

त्याच आठवड्यात आम्ही बाळाला लसीसाठी आदिलाबादला डॉक्टरांकडे नेलं. बाहेर गर्दी होती. आतून पुकारा झाला, अव्यान. माझी बायको उठली, आणि समोरच्या बाकावरून एक सिरपूरकडची बाईही पोराला खांद्यावर टाकून उठली. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या. ती बाई तेलुगूत आपल्या नवऱ्याला काहीतरी रागानं बोलली. अर्थ मला समजला, कारण माझी बायको घरी येईपर्यंत मला मराठीत तेच बोलत होती. हे आत्याला कळलं तेव्हा ती हसेल असं आम्हाला वाटलं. ती हसली नाही. "तिच्या लेकरात बी खोट नसन," ती म्हणाली. "तुले त्याचा काय तरास हाय?"

पण आता बारशाची काळजी लागली. मला बहीण नाही, त्यामुळे कानात नाव सांगण्याचा मान आत्याचाच. सगळ्या घराला वाटलं, आत्या इतकी वर्षं याच दिवसाची वाट पाहत होती. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला बोलव, तिचा मान आहे, पण ते नाव निघालं तर मी उठून जाईन. माझ्या नातवाच्या वर्गात कोणी नाक धरलेलं मला पाहायचं नाही.  

मी आत्याच्या गावी गेलो. ती अंगणात सूप झटकत बसली होती. मी गणितवाल्याची युक्ती काढली. म्हटलं, आत्या, कानात तुला हवं ते सांग, कोणाला ऐकू येत नाही. बाहेर मात्र आम्ही अव्यान म्हणू. तिनं सूप खाली ठेवलं.

"कानात एक अन् बाहेर एक, असं माह्याच्यानं होत नाही," ती म्हणाली. "तुह्या बापाचं थेच झालं हाय."

मग तू काय ठेवणार आहेस, असं मी विचारलं.  पेंटय्याला बोलावणं करायला विसरू नको, एवढंच तिनं सांगितलं.

बारशाला अंगणात मांडव घातला होता. बायका पाळण्याभोवती, पुरुष खुर्च्यांवर. बाबा फाटकाजवळच्या खुर्चीत बसले, पायातली चप्पल न काढता. पेंटय्या ड्युटी आटोपून आला, हातात बाळासाठी टोपडं. एक खुर्ची रिकामी होती, ती नेमकी बाबांच्या शेजारची. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि दोघंही समोर पाहू लागले.

आत्या नवं नऊवारी लुगडं नेसून आली होती. गाणी झाली. ती पाळण्यात वाकली. तिच्या पाठीमागे बायकांनी धपाटे घालायला हात उचलून धरले. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. आणि आत्या काही न बोलता पुन्हा सरळ झाली. बायकांचे हात हवेतच राहिले.

"याच्या मायनं काय नाव ठेवलं?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

माझी बायको म्हणाली, अव्यान. 

"मंग थेच ठेवू," आत्या म्हणाली. "उकंडा भेवाचं नाव हाय, बाई. माह्या मायच्या पोटात भेव होतं, म्हणून थे ठेवलं. तुह्या पोटात भेव नाही, देव तसंच ठेवो. याले थे नाव कायले पाह्यजे?" मग ती थोडी थांबली. गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. "अन् दुसऱ्याचं नाव मी याले कसं देऊ? ज्याचं हाय थो बसला हाय ना तिकडं. मी गेलो का त्याले त्या नावानं बोलावणारं कोणी राह्यत नाही. मंग मी त्याले उचललं होतं, थे बी कोणाले मालूम राह्यणार नाही."

 माझ्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं वाटत होतं की म्हातारीला एका नावाचं खूळ आहे, ते कुठेतरी चिकटवल्याशिवाय तिला चैन पडणार नाही. तिला नाव चिकटवायचं नव्हतं. तिला एक ओ हवी होती, एका माणसाकडून, आणि पेंटय्यानं दिलेल्या सगळ्या ओ मिळूनही ती भरून निघत नव्हती.

ती परत वाकली आणि बाळाच्या कानात अव्यान म्हणाली. म्हणजे कानातच म्हणाली, पण तिचा आवाज तो, फाटकापर्यंत गेला. बायकांनी तुंबलेले धपाटे घालून घेतले. मेल्यांनो, पाठ मोडली माझी, असं काहीतरी आत्या पुटपुटली, आणि मांडव हसला.

मग तिनं बाळाला पाळण्यातून उचललं. दोन्ही हातांनी छातीशी धरलं, फाटकाकडे तोंड केलं आणि दुकानासमोरच्या रस्त्यावरून मारायची तशीच हाक मारली.

"उकंडा. नातू घे."

पेंटय्या सवयीनं अर्धा उठला. त्याचं तोंडही उघडलं होतं. बाबांनी शेजारून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी बसा," ते म्हणाले. "मले बोलावून राह्यली."

त्यांनी चपला काढल्या, उभे राहिले, आणि तिथूनच, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओ दिली.